मागच्या दोन खोल्या, सगळे साचे आणि बोळातली वाट

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा शोभेची फळे व खाद्यपदार्थ तयार करणे, राहणार फळांच्या दुकानामागच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मजकूर माझा आहे आणि अक्षरही माझे आहे. कलमांचे आकडे तेवढे वकीलसाहेबांनी घातले, कारण माझे एक वाक्य दुसऱ्यात शिरते असे त्यांचे म्हणणे आहे.

माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांनी इथे येऊन ती तपासली आणि तसा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी वार विचारला, तो मी सांगितला. सध्या ऋतू कोणता, असे विचारल्यावर मी म्हणाले, "बाहेर उन्हाळा, आत पानगळ." त्यावर त्यांचे पेन थांबले. मग माझ्या भाचीने त्यांना समजावले की दुकानांना पानगळीची सजावट वेळेवर हवी असेल तर माल उन्हाळ्यातच व्हावा लागतो. तिने वाळत ठेवलेले भोपळे, मक्याची कणसे आणि पावांची परडी दाखवली, तेव्हा कुठे त्यांनी सही केली. शरीराबद्दल मात्र मी तसा दावा करीत नाही. हृदयाच्या झडपांनी मान टाकली आहे. यंदाचा माल माझ्या हातून बाहेर पडेल, पुढच्या वर्षीचा पडणार नाही, असे डॉक्टरांच्या लांबलचक बोलण्याचे सार आहे.

कलम १. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात कुठे एखाद्या खोक्यावर काही लिहिले असल्यास ते रद्द समजावे.

कलम २. मला मूलबाळ नाही. नात्यात एक थोरला भाऊ आहे, ज्याला मी दादा म्हणते. तो पुढच्या दुकानात फळे विकतो, खरी. त्याची पत्नी म्हणजे माझी वहिनी. त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे माझी भाची, जिला मी खार म्हणते. हे नाव का पडले ते पुढे येईल.

कलम ३. राहत्या जागेविषयी. आमच्या वडिलांनी जाण्यापूर्वी घराचे दोन भाग केले. पुढचे दुकान, त्याच्या कडेचा बोळ आणि वरचा मजला दादाला. मागच्या दोन खोल्या आणि अंगण मला. रस्त्यावरून माझ्या खोल्यांकडे यायला त्या बोळाशिवाय वाट नाही. दोन बाजूंना परक्यांच्या इमारती आहेत आणि तिसरीकडे दादाच्या मागच्या जिन्यालगतची भिंत आहे. म्हणून वडिलांनी मला बोळातून जाण्यायेण्याचा हक्क लिहून दिला, पण माझ्या हयातीपुरता. त्यांना वाटले असेल की माझ्यामागे इथे येणारे कोणी असणार नाही. बिचाऱ्यांना खार ठाऊक नव्हती, ती जन्मली नव्हती.

या दोन्ही खोल्या, त्यांतली कपाटे, शेगडी, वाळवणाच्या फळ्या व पाण्याचा नळ यांसह, मी माझ्या भाचीला देत आहे. तिने त्या विकू नयेत अशी माझी इच्छा आहे, अट नाही. अटी घातल्या की माणूस पळवाटा शोधू लागतो.

कलम ४. साच्यांविषयी. सगळे साचे भाचीचे. प्लास्टरचे जुने आणि रबराचे नवे, दोन्ही. प्रत्येक साचा खऱ्या फळावरून घेतला आहे आणि ते प्रत्येक फळ दादाच्या दुकानातले आहे. आमचे बोलणे बंद झाल्यावरही मी गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहून फळे घेत असे आणि तो मला इतरांच्याच भावाने देत असे. एक मात्र लिहून ठेवते. सांधेदुखीने माझ्या हातून साचे पडून फुटू लागले आणि नव्या साच्यांसाठी फळे जास्त लागू लागली, त्या वर्षापासून माझ्या पिशवीत नेहमी थोडी वेडीवाकडी, एका बाजूला फुगलेली फळे पडू लागली. सजावटीला तशीच लागतात. ती कोण निवडून घालत असे हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

कलम ५. हत्यारे, रंग, मेण, वाळू, लाख, वॉर्निश हे सर्व भाचीचे. तिला हे सगळे येते, तरी आळस करील म्हणून लिहिते. फळ पोकळ ओतावे आणि आत वाळू भरून मगच बंद करावे, कारण फळ आधी हाताला खरे वाटते आणि नंतर डोळ्याला. नाशपातीवरचे ठिपके ब्रशने काढू नयेत, जुन्या टूथब्रशने उडवावेत. कापलेल्या अंजिरात खसखस घालावी. द्राक्षांवर टाल्कम पावडर कापसाने फुंकावी, चोळू नये. पावावर ओल्या वॉर्निशवरच पीठ भुरभुरावे. आणि डागाशिवाय एकही फळ या घरातून बाहेर जाता कामा नये. शेजारच्या फांदीला घासल्याचा, पडल्याचा, पाखराने चोच मारल्याचा, कोणताही चालेल, पण एक डाग हवा.

याच डागांवरून मोठ्या हॉटेलच्या मॅनेजरने माझी पाच टोपल्या सफरचंदे परत पाठवली होती. "आमच्याकडे खराब माल चालत नाही," असे त्याने चिठ्ठीत लिहिले. पुढे त्याने चकचकीत प्लास्टिकची आणली आणि त्याच्या दारातली पानगळ खेळण्यांच्या दुकानासारखी दिसू लागली. त्याला माझ्या मालातून काहीही देऊ नये. विकतसुद्धा देऊ नये.

कलम ६. एका नाशपातीविषयी. हे कलम लांब आहे, वकीलसाहेबांनी जांभई दिली तरी मी ते कमी करणार नाही.

नवा नमुना पास की नापास हे ठरवायची आमची एक पद्धत होती. मी तयार केलेले फळ दादाच्या दुकानात खऱ्या फळांच्या पेटीत ठेवायचे आणि बोळाच्या दाराशी उभी राहायचे. गिऱ्हाइकाचा हात त्यावर गेला, त्याने ते उचलून दाबून पाहिले की फळ पास. मग मी पुढे होऊन ते उचलायचे आणि गिऱ्हाईक हसायचे. दादाला याची माझ्यापेक्षा जास्त मजा येई. संध्याकाळी गल्ला बंद करताना तो आधी विचारायचा, "आज कोण फसलं?" आमचे दोन धंदे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना सुखाने चालले होते.

त्या दिवशी मी एक नाशपाती पेटीत ठेवली आणि शेगडीवर मेण उतू जात होते म्हणून आत पळाले. तेवढ्यात शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी फळे निवडायचे काम दादावर सोपवले, कारण सगळेच सोपवतात. दादाने एकेक निवडून पिशवीत घातली आणि त्यांत माझी घातली. दुसऱ्या दिवशी बाई रुमालात दाताचा तुकडा आणि हातात नाशपाती घेऊन आल्या. दुकानात गर्दी होती.

"तुम्ही फळं विकता की खेळणी?" असे त्या म्हणाल्या.

दादाने नाशपाती हातात घेतली. फिरवून पाहिली, नाकाशी नेली. दातांचे वण सोडले तर त्याला अजूनही काही खटकत नव्हते, हे सगळ्या गिऱ्हाइकांना दिसले. शेवटी त्याने नख लावले आणि मेणाचा पापुद्रा निघाला. मी बोळाच्या दाराशी उभी होते आणि मला हसू फुटले.

"हसतेस काय?"

"मग काय रडू? दादा, अरे आयुष्यभर तू फळं विकलीस. तुझ्या हाताला कळलं नाही म्हणजे याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं?"

"माझं दुकान विश्वासावर चालतं. तुझं फसवण्यावर चालतं. आजपासून तुझं माझं बोलणं संपलं. आणि माझी मुलगी तुझ्या त्या खोलीत पाऊल टाकणार नाही."

मी कोणाला फसवलेले नाही. माझ्या प्रत्येक फळाच्या बुडाशी माझा शिक्का असतो. त्याने बूड पाहिले नाही यात माझा काय दोष? मुख्याध्यापिकांचा दात त्याने स्वखर्चाने बसवून दिला आणि माझ्याकडून छदाम घेतला नाही, हाही त्याने मारलेला टोमणाच होता. त्याचे ते वाक्य मला फार लागले आणि अजून लागते. पण मला हसू आले याबद्दल मी माफी मागणार नाही, कारण लिहितानासुद्धा ते आवरत नाही.

ती नाशपाती त्याने अंगणात भिरकावली होती. मी ती उचलून ठेवली आहे. ती भाचीला द्यावी. तिने तिच्यावरचे दातांचे वण बुजवू नयेत.

कलम ७. भाचीविषयी. दादाने बोळाची बंदी घातली, तेव्हा ही मुलगी कॉलेजात शिकत होती. दुसऱ्याच दिवशी ती मागच्या जिन्यावरून भिंतीवर चढली आणि माझ्या अंगणात उतरली. तेव्हापासून तिचे नाव खार. आता तिच्या केसांत पांढरे डोकावू लागले आहेत, तरी ती भिंतीवरूनच येते. भिंतीच्या त्या बाजूला वहिनीने एक स्टूल ठेवले आहे आणि ते तिथे का आहे हे दादाने इतक्या वर्षांत विचारलेले नाही. घरात सगळे मूग गिळून असतात.

खारीचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. मी फळ करते, ती ते झाडावरून पडल्यासारखे ठेवते. दादाला वाटते तिने दुकान चालवावे. त्याचेही बरोबर आहे, त्याच्यामागे तरी कोण आहे? पण माझ्या आजाराच्या काळात दुकानांचा सगळा माल तिने एकटीने केला आणि मी नुसती खुर्चीत बसून चुका काढल्या. ही तिची भाकरी आहे आणि तिचा आनंदही हाच आहे.

आता अडचण अशी. मी गेले की बोळाचा हक्क माझ्याबरोबर जातो. दादाने वहिनीजवळ बोलून दाखवले आहे, "तिला खोटी फळं करायची तर करू दे, पण माझ्या बोळातून एक खोकं जाणार नाही." भिंतीवरून खार येऊ शकते. भोपळ्यांची खोकी येऊ शकत नाहीत. ज्या जागेतून माल बाहेर पडत नाही, ती कारागिराला देऊन उपयोग काय? मला रात्रंदिवस घोर आहे तो एवढाच, मरणाचा नाही.

कलम ८. माझी सोन्याची कर्णफुले वहिनीला द्यावीत. तिने वर्षानुवर्षे माझ्या बोळाकडच्या खिडकीतून मला डबा दिला आणि नवऱ्याच्या नाकावर टिच्चून दिला. (हे कलम रद्द. कारण कलम ११ मध्ये. सही केली आहे.)

कलम ९. अंगणाविषयी. दादाला पूर्वीपासून फळे थंड ठेवायची खोली बांधायची आहे आणि त्याच्याकडे तेवढी जागा नाही. माझे अंगण त्याला मिळावे, मात्र त्याने बोळातून जाण्यायेण्याचा हक्क भाचीला कायमचा लिहून द्यावा. न दिल्यास अंगणही भाचीलाच जाईल. (हे कलम रद्द. कारण कलम ११ मध्ये. सही केली आहे.)

कलम १०. बँकेतल्या रकमेतून आधी डॉक्टरांचे बिल भागवावे, उरेल ते भाचीला द्यावे. माझ्यामागे भेटायला येणाऱ्यांना फळे द्यायची झाल्यास ती पुढच्या दुकानातून आणावीत. कपाटातली देऊ नयेत. याची जबाबदारी भाचीवर टाकू नये, ती मुद्दाम घोटाळा करील.

कलम ११. इथपर्यंतचा मजकूर परवा लिहून झाला होता आणि आज फक्त सह्या व्हायच्या होत्या. मधल्या काळात जे घडले त्यामुळे हे कलम वाढले.

अंगण आणि बोळ मोजायला वकीलसाहेबांनी काल आपला कारकून पाठवला. तो बोळात टेप धरून वाकला असता दादाने दुकानातून विचारले, "काय मोजताय?" कारकून भोळा, त्याने सांगून टाकले, "मागच्या बाईंचं मृत्युपत्र करायचंय. त्यांच्या हृदयाचं काही खरं नाही म्हणतात." मी आजारी आहे हे दादाला कोणी सांगितले नव्हते, कारण मीच सगळ्यांना शपथ घातली होती. त्याची कीव मला नको होती.

थोड्या वेळाने मला शटर ओढल्याचा आवाज आला. भर दुपारी दुकान बंद झाले, असे वडील गेले तेव्हाही झाले नव्हते. मग दादा बोळातून आला आणि माझ्या दारात उभा राहिला. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे भोपळे वाळत होते. खारीने दोन भोपळे उचलून बापाला वाट करून दिली. तो पालथ्या खोक्यावर बसला.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"हिवाळ्यापासून."

"आणि मला त्या टेपवाल्याकडून कळतं."

"तूच म्हणाला होतास, आपलं बोलणं संपलं."

"बोलणं म्हणालो होतो. मरणं नव्हतो म्हणालो."

त्याने कागद मागितला आणि चष्मा लावून पहिल्यापासून वाचला. नाशपातीच्या कलमाशी त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो वाचत राहिला. नवव्या कलमाशी मात्र थांबला.

"अंगण देतेस आणि बोळ मागतेस. माझ्याशी भाव करतेस?"

"तुला दुसरं काय कळतं?"

"पोरीला वाट पाहिजे, एवढंच म्हणायचं होतंस."

"म्हटलं असतं तर दिली असतीस?"

त्याने कागदाची घडी घातली. "नसती दिली," म्हणाला. "काल विचारलं असतंस तर नसती दिली." दादा खोटे बोलत नाही, हे मी इथे लिहून ठेवते. मग त्याने डोळे पुसले आणि चष्म्यावर मेणाची वाफ आली असे सांगितले. शेगडी बंद होती.

आज सकाळी वकीलसाहेब आले तेव्हा तो त्यांच्याआधी येऊन बसला होता. त्याने विचारले, "साक्षीदार कोण?" वकीलसाहेब म्हणाले, एक डॉक्टर आणि दुसरा आमचा कारकून.

"कारकून नको. मी करतो सही."

"तुम्हाला करता येणार नाही," वकीलसाहेब म्हणाले. "तुम्हाला यात अंगण मिळतंय. साक्ष केलीत तर ते हातचं जाईल. साक्षीदाराला आणि त्याच्या बायकोला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही."

"मग अंगण काढा."

"दादा, तुझी थंड खोली?" मी म्हणाले.

"मला थंडीच सोसत नाही आता. काढा म्हटलं ना. पोरीच्या नावे घाला. आणि हिचं ते कर्णफुलांचंही काढा."

"मला कोणी विचारलं का?" वहिनी खिडकीतून ओरडली.

मी उठून कपाटातून कर्णफुले काढली आणि खिडकीतून तिच्या हातात ठेवली. जिवंतपणी दिलेल्या वस्तूला कायद्याची हरकत नाही, हे वकीलसाहेबांनी मान्य केले. तिने ती तिथेच कानात घातली आणि आरसा मागितला.

दादा साक्षीसाठी एवढा का अडून बसला हे मला आधी समजले नाही. वकीलसाहेबांना समजले. ते मला हळूच म्हणाले, "बाई, उद्या या कागदावर कोर्टात बोट ठेवणारा माणूस एकच होता. त्याचीच साक्ष असेल तर तुमच्या भाचीला कोणी हलवू शकणार नाही." ते हळू बोलले तरी खोली लहान आहे, दादाने ऐकलेच. तो म्हणाला, "मला कायदा थोडा कळतो. वडिलांच्या कागदाच्या वेळी शिकलो."

त्यानंतर त्याने बोळाच्या हक्काचा वेगळा कागद वकीलसाहेबांकडून लिहून घेतला आणि त्यावर सही केली. तो सोबत जोडला आहे. वडिलांनी माझ्यासाठी 'हयातीपुरता' असा शब्द घातला होता. वकीलसाहेब सवयीने तोच शब्द लिहू लागले तेव्हा दादाने त्यांचा हात धरला. भाचीचा हक्क तिच्या हयातीनंतरही, ती ज्याला देईल त्याला, चालू राहील.

आठवे आणि नववे कलम आता रद्द आहे आणि अंगण भाचीचे आहे. वकीलसाहेब म्हणाले, सगळे पुन्हा स्वच्छ लिहून काढू. मी नको म्हणाले. दादाला काय देऊ केले होते आणि त्याने काय सोडले, हे भाचीला वाचता आले पाहिजे. मला आज फार बरे वाटते आहे. इतके बरे मला पुष्कळ दिवसांत वाटले नव्हते.

खारीसाठी एक शेवटची सूचना. तुझ्या वडिलांचे वय झाले आहे. संध्याकाळी दुकान आवरायला त्यांना हात लागतो, पण ते मागणार नाहीत. तू बोळातून जा आणि न विचारता पेट्या उचलू लाग. ते ओरडतील, ओरडू दे.

हा सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे, आणि खालील दोघांच्या देखत मी त्याखाली सही करीत आहे. त्या दोघांनी माझ्या देखत आपापल्या सह्या केल्या आहेत.

ठिकाण : माझी कामाची खोली
दिनांक : १९ मे २०२२

मृत्युपत्र करणारीची सही : (सही)

साक्षीदार पहिला : (सही)
डॉक्टर. मृत्युपत्र करणारी पूर्ण शुद्धीवर असून तिला मजकुराची समज आहे.

साक्षीदार दुसरा : (सही)
मृत्युपत्र करणारीचा थोरला भाऊ, धंदा फळविक्री, राहणार याच घराचा वरचा मजला. पुढचा मजकूर त्याच्या स्वतःच्या हातचा :

या कागदाने मला काही मिळत नाही. माझ्या बहिणीने माझ्यासमोर सही केली. तिचे सांधे दुखतात म्हणून सही वाकडी आली आहे, पण ती तिचीच आहे. कोणी नाही म्हणालं तर मला बोलवा.